दाजींच्या नावानं

सकाळी प्रेस नीट तापायच्या आत फोन वाजला, आणि पलीकडून एका अनोळखी माणसानं मोठ्या आपुलकीनं विचारलं, "दाजी, गुडघा कसा आहे आता?"

दाजींनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे रागानं पाहिलं, जणू चूक फोनचीच होती. मग पुन्हा कानाला लावला. "कोण बोलतंय?"

"अहो मी! बिस्किटांची मशिनं बनवतो तो. तुम्ही लिहिलं होतंत ना, जिना उतरताना कळ येते म्हणून. माझंही अगदी तसंच होतं. चढताना काही नाही, उतरताना मात्र जीव जातो. एक मलम सांगतो, लिहून घ्या."

"रबराचं काही काम आहे का?"

"आहे की. पण ते नंतर. आधी माणूस, मग काम. तुमचंच वाक्य आहे, दाजी!"

दाजींनी असलं वाक्य जन्मात उच्चारलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला आणि जिन्याकडे पाहिलं. उतरताना कळ येते हे खरं होतं. पण ते त्यांनी डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं.

दाजींचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखालचा एक लांबोडका हॉल. एका भिंतीला रबराच्या गुंडाळ्या, दुसऱ्या भिंतीला साचे, मधे रबर साच्यात दाबून भाजणारे दोन प्रेस, आणि सगळ्यावर शंखजिऱ्याच्या पांढऱ्या भुकटीचा थर. इथे वॉशर बनत, गॅस्केट बनत, सील बनत. थोडक्यात, दोन लोखंडांच्या मधे बसून गळती थांबवणारं जे जे काही असतं ते. त्यांचा धाकटा मेहुणा शाळेच्या सुट्टीत इथे लुडबुड करायला यायचा आणि 'दाजी, दाजी' करत मागे फिरायचा. ती हाक कामगारांनी उचलली, मग गिऱ्हाइकांनी. आता वयानं मोठी माणसंही त्यांना दाजीच म्हणत. सगळ्या गावानं आपल्या बहिणी यांनाच दिल्यात की काय, असं एखाद्याला वाटावं.

या सगळ्या प्रकरणाचं मूळही तो मेहुणाच होता. मागच्या वर्षी तो असाच एका सकाळी उगवला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "दाजी, माल विकायचे दिवस गेले. आता नाती बांधायची. सोशल मीडियावर माणसं आधी तुम्हाला ओळखतात, मग तुमच्यावर विश्वास टाकतात, मग माल आपोआप जातो."

"मला आहेत तीच नाती झेपत नाहीत," दाजी त्याच्याकडे रोखून बघत म्हणाले.

मेहुण्याला असलं बोलणं लागत नसे. त्यानं दाजींना प्रेसशेजारी उभं केलं, हाताची घडी घालायला लावली आणि सांगितलं, "उजवीकडे वर बघा. भविष्याकडे." उजवीकडे वर ट्यूबलाइट होती. दाजींनी ट्यूबलाइटकडे बघितलं, फोटो निघाला, आणि दाजींच्या नावानं खातं उघडलं गेलं. त्यावर थोडे दिवस सूर्योदयाची चित्रं आणि 'यश म्हणजे मुक्काम नव्हे, प्रवास' अशा थाटाची वाक्यं झळकली. ती आवडल्याचं कळवणारे सगळे विमा विकणारे होते, नाहीतर दुसऱ्यांची खाती चालवून देणारे. सगळे एकमेकांना काहीतरी विकायला टपलेले, विकत घेणारा एकही नाही. पुढे मेहुण्याच्या डोक्यात लग्नांचं ड्रोननं चित्रीकरण करायचं खूळ शिरलं, आणि खात्याचा विषय तिथेच संपला असं दाजींनी गृहीत धरलं.

तो संपला नव्हता. गेले काही महिने दाजींना लोकांचं वागणंच कळेनासं झालं होतं. रसायनांच्या दुकानात एका माणसानं पाठीवर थाप मारून "काय लिहिता हो तुम्ही!" म्हटलं. एका पंपवाल्यानं निघताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. ज्यांच्याशी उभ्या आयुष्यात जाडी आणि लांबीपलीकडे बोलणं झालं नव्हतं, ती माणसं "घरी सगळे बरे ना?" विचारू लागली. दाजींना वाटायचं, आपण आजारी असल्याची अफवा तर उठली नाही?

मलमाच्या फोननंतर मात्र त्यांची सहनशक्ती संपली. त्यांनी मेहुण्याला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "माझ्या गुडघ्याचा बोभाटा तू केलास?"

"कसला गुडघा? दाजी, मी तर खातं कधीच सोडलं. पासवर्ड ताईकडे आहे."

दाजी फोन हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी काचेच्या पार्टिशनपलीकडच्या ऑफिसात पाहिलं.

ताई म्हणजे त्यांची बायको. तिचंही नाव भावाच्या हाकेनंच बुडवलं होतं, तिला सगळे ताईच म्हणत. बिलं, पॅकिंग, कुरिअर, सगळं तिच्याकडे. दुपारी जेवण झालं की ती टेबलाशी बसून मोबाइलमध्ये काहीतरी लिहीत असते, हे दाजी रोज पाहत होते. बहिणीशी बोलत असेल, एवढं त्यांनी धरून चाललं होतं. विचारावं असं कधी वाटलं नव्हतं.

ते आत गेले आणि दार लावलं. "तू माझ्या नावानं लिहितेस?"

ताईनं खोक्यावर चिकटपट्टी मारली, दातानं तोडली आणि म्हणाली, "हो."

एवढ्या सरळ उत्तराची दाजींनी तयारी ठेवली नव्हती. "कधीपासून? कशासाठी?"

"भावानं टाकलेले ते सूर्योदय मला बघवेनात. पुसायला बसले. पुसता पुसता खाली एकानं विचारलेलं दिसलं, वॉशर लवकर कडक का होतो. कोणी उत्तर दिलं नव्हतं. मी दिलं. त्यानं धन्यवाद म्हटलं." तिनं पुढचं खोकं ओढलं. "मला धन्यवाद म्हणून किती वर्षं झाली, सांगा बघू."

दाजींनी तो प्रश्न बाजूला सारला. "दाखव काय लिहिलंयस ते."

तिनं मोबाइल पुढे केला. दाजींनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. साचा उघडताना येणारा वास. रबर पारखताना डोळे का मिटावे लागतात. चुकून जाड निघालेला माल गिऱ्हाइकाला कळायच्या आत आपणच फोन करून कसा परत मागवला. सगळं खरं होतं, सगळं त्यांचंच होतं, पण ते कोणी असं बघत असेल याची त्यांना कल्पना नव्हती. वाचता वाचता ते एका ठिकाणी अडखळले. तिथे लिहिलं होतं: 'माझी बायको नसती तर हा कारखाना कधीच बंद पडला असता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायला हवं.'

"हे मी कधी म्हटलं?"

"नाहीच म्हटलंत. तेच तर लिहिलंय."

"माझ्या नावानं माझीच बदनामी!"

"लोकांना आवडली की. सगळ्यात जास्त तीच आवडली."

दाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लिहायची एवढी हौस होती तर स्वतःच्या नावानं लिहायचंस!"

"आणि वाचलं कोणी असतं?" ताईचा आवाज पहिल्यांदा चढला. "इथे फोन उचलला आणि बाईचा आवाज ऐकला की लोक म्हणतात, जरा मालकांना द्या. कोणत्या मापाचा किती माल कुठे पडलाय हे मला पाठ. तरी म्हणतात, मालकांना द्या. मग म्हटलं, घ्या मालक!"

"ते खातं बंद कर," एवढंच म्हणून दाजी बाहेर आले आणि उरलेला दिवस कामगारांवर विनाकारण खेकसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ताई बँकेत गेली होती. दोघांचं बोलणं बंदच होतं. अशात कारखान्याच्या दाराशी एक गाडी थांबली आणि तिच्यातून एक चाळिशीच्या बाई उतरल्या. पायात कामाचे जाड बूट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. त्या एका मोठ्या डेअरीत यंत्रांच्या देखभालीच्या प्रमुख होत्या. दाजींना बघताच त्यांचा चेहरा असा उजळला की दाजींनी मागे वळून पाहिलं, आपल्या पाठीमागे आणखी कोणी उभं आहे का.

"शेवटी भेट झाली," बाई म्हणाल्या. "न कळवता आले, रागावू नका."

दाजींनी त्यांना ऑफिसात बसवलं. बाईंनी पिशवीतून सील काढलं. डेअरीत दूध तापवायच्या यंत्रात पातळ पोलादी पत्रे एकमेकांना खेटून बसवलेले असतात, आणि प्रत्येक दोन पत्र्यांच्या मधे रबराची अशी चौकट असते. ती गळली की दुधात पाणी, आणि सगळं दूध फेकून द्यायचं. दाजींनी सील हातात घेतलं, वाकवलं, नख रुतवून पाहिलं. इथवर सगळं ठीक होतं. हे जग त्यांच्या ओळखीचं होतं.

"जास्त भाजलंय," ते म्हणाले.

"मलाही तेच वाटलं होतं. आमच्या सीलवाल्याला ते पटेना." बाई हसल्या, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "कामाचं बोलूच. पण आधी तुमचे आभार मानायचेत. बाबा गेले तेव्हा शंभर जणांनी तेच तेच दोन शब्द पाठवले. तुम्ही एकट्यानं काहीतरी खरं लिहिलंत."

दाजींनी नुसती मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"तुमचे वडील गेल्यावर कितीतरी दिवस तुम्ही त्यांच्या खुर्चीत बसत नव्हतात, शेजारी स्टूल ओढून बसायचात, ते तुम्ही लिहिलंत. मी ते वाचलं, उठले आणि बाबांच्या खोलीत जाऊन बसले. तोवर मी त्या खोलीचं दारही उघडलं नव्हतं." बाईंनी दाजींच्या खुर्चीकडे पाहिलं. "हीच का ती?"

दाजी त्याच खुर्चीत बसले होते. त्या दिवसांत आपण स्टुलावर बसत होतो हे त्यांना स्वतःलाही आठवत नव्हतं. आता आठवलं. समोरच्या बाईंचे डोळे भरले होते. नुसतं 'हो, हीच' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. सगळं सुरळीत झालं असतं. पण दाजींना चुकीच्या मापाचा वॉशर खपवता येत नसे, तसं हेही जमेना.

"बाई," ते म्हणाले, "खुर्ची हीच आहे. पण ते मी लिहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"माझी बायको लिहिते. माझ्या नावानं. मला कालच कळलं."

बाईंच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला. बाहेर प्रेस उघडल्याचा फुस्स आवाज तेवढा आला.

"मी बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "भावाशी झालेलं भांडणसुद्धा. नवऱ्यालाही ते सांगितलेलं नाही. मला वाटलं, एक वयस्कर माणूस आहे, सगळं बघितलेला आहे." त्या उठल्या. "सील तरी तुम्ही बनवता ना? की तेही दुसरंच कोणी?"

"सील मीच बनवतो."

"निदान तेवढं तरी." त्यांनी नमुना टेबलावरच ठेवला आणि सांगितलं, "बनवून द्या. यंत्रात लावून बघू, मग ठरवू." चहा येत होता, त्यासाठी त्या थांबल्या नाहीत.

ताई परतली तेव्हा दाजी अजून तिथेच बसले होते. कालचा अबोला विसरून त्यांनी तोफखाना सुरू केला. "घे! ही तुझी नाती! आयती चालून आलेली डेअरी, तोंड फिरवून गेली! त्या बाईचं रडू मी कुठे ठेवायचं? माझ्याकडे रबर ठेवायला जागा नाही!"

ताईनं सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही खरं सांगून टाकलंत?"

"मग काय करू? नाटक करू?"

ती समोरच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन गप्प झाली. दाजी घाबरले. भांडण त्यांना झेपलं असतं, ही शांतता त्यांना झेपेना.

"त्या बाईंशी बोलताना ना," शेवटी ताई म्हणाली, "मला कितीदा वाटलं की सांगून टाकावं. पण जितका उशीर होत गेला तितकं अवघड होत गेलं. गिऱ्हाईक गेल्याचं मला काही नाही हो. त्या इतक्या विश्वासानं बोलल्या, आणि मी पडद्याआडून ऐकत राहिले."

त्याच दिवशी तिनं खात्यावर लिहिलं. इथे जे लिहिलं जातं ते मालक नव्हे, मालकांची बायको लिहिते, पहिल्यापासून तीच लिहीत आली आहे, ज्यांना फसवल्यासारखं वाटलं असेल त्यांचा राग रास्त आहे. ट्यूबलाइटकडे बघणारे दाजी काढून तिनं तिथे स्वतःचा फोटो लावला, खोक्यांच्या ढिगाऱ्यात उभं राहून काढलेला. डेअरीच्या बाईंना वेगळं पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

बाकीची उत्तरं मात्र धो धो आली. कोणी हसलं, कोणी वाहवा केली, कोणी 'तरीच' म्हटलं. सगळ्यात मोठा भडका उडाला तो बिस्किटांच्या मशिनवाल्याचा. त्यानं फोनच केला, आणि या वेळी गुडघ्याची चौकशी नव्हती.

"दाजी, हे काय ऐकतोय मी? अहो, माझं बायकोशी बिनसलं तेव्हा मी तुमचा सल्ला घेतला होता! पुरुष म्हणून! मन मोकळं केलं होतं मी!"

दाजींनी फोनवर हात ठेवून ताईकडे पाहिलं. "त्याला काय सल्ला दिला होतास?"

"माफी माग म्हटलं. चूक त्याचीच होती."

"मग? मागितलीत का माफी?" दाजींनी फोनमध्ये विचारलं.

"मागितली की!"

"उपयोग झाला?"

"झाला, पण तो प्रश्न नाही!" मशिनवाला ओरडला. "तत्त्वाचा प्रश्न आहे!" आणि तत्त्वासाठी त्यानं आपलं सगळं काम दुसऱ्या रबरवाल्याकडे नेलं. ते परत आलं नाही. दाजींना ते बरेच दिवस सलत राहिलं, आणि सलतंय हे ते रोज बोलून दाखवत राहिले.

डेअरीचं सील त्यांनी स्वतः बनवलं. पहिलं मनासारखं उतरलं नाही म्हणून कापून टाकलं. दुसऱ्याच्या वेळी प्रेसजवळ कोणाला फिरकू दिलं नाही. तयार झाल्यावर ते कुरिअरनं पाठवायला निघाले, तर ताई दारात पर्स घेऊन उभी.

"आपण घेऊन जाऊ."

"त्या भेटणार नाहीत तुला."

"नाही भेटल्या तर बाहेर बसेन."

डेअरीत त्यांना फाटकाशी बराच वेळ ताटकळावं लागलं. दाजींनी घड्याळ बघून, सुस्कारे टाकून, पहारेकऱ्याला पुन्हा पुन्हा विचारून स्वतःला आणि बाकीच्यांना पुरता वात आणला. शेवटी आत बोलावणं आलं. बाईंनी ताईकडे बघितलंसुद्धा नाही. सील बसवलं, पत्रे आवळले, यंत्र चालू झालं. ओल्या जमिनीवर तिघं उभी, यंत्राच्या घरघरीत कोणी काही बोलायचा प्रश्नच नव्हता. पत्र्यांच्या कडेनं बाईंनी कोरडं बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

यंत्र थांबल्यावर त्या पहिल्यांदा ताईकडे वळल्या. "ते स्टुलाचं. ते तरी खरं होतं?"

"खरं होतं," ताई म्हणाली. "मी रोज बघत होते. यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. तुम्हाला लिहायला बसले तेव्हा मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं."

"काम तुम्हालाच देते," बाई म्हणाल्या. "बाकीचं आत्ता नको. मला जमणार नाही."

"चालेल," ताई म्हणाली.

परतीच्या वाटेवर दाजींना बोलल्यावाचून राहवेना. "काम मिळालं. आता लांब चेहरा कशाला?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला नाही कळत तर सांगावं माणसानं! सगळ्या जगाला सांगतेस, नवऱ्याला सांगायला काय होतं?"

ताईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग सांगायला लागली. घर येईपर्यंत ती बोलत होती, आणि दाजींनी मधे फक्त दोनदा तिला तोडलं.

पुढे डेअरीच्या ऑर्डरी नियमानं येऊ लागल्या. त्यांत मापाखेरीज एक अक्षर जास्त नसे. मग कधीतरी एका ऑर्डरीच्या शेवटी 'ताई कशा आहेत' एवढं आलं. ताईनं उत्तरात काय लिहिलं ते दाजींनी विचारलं नाही. खरं म्हणजे विचारलं, पण तिनं सांगितलं नाही.

आता बाई नवीन यंत्राची मापं द्यायला स्वतः येतात. परवा आल्या तेव्हा ताईनं ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. दाजी नमुना हातात घेऊन काचेबाहेर उभे. त्यांना फक्त जाडी विचारायची होती. प्रेस तापून तयार, कामगार खोळंबलेले, आणि आत त्या दोघी कशावर तरी पोट धरून हसत होत्या. दाजींनी काचेवर टकटक केलं. ताईनं आतून हातानंच खूण केली: थांबा जरा.

"ही यांची नाती!" दाजी कामगारांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. कोणी दाद दिली नाही. मग त्यांनी भिंतीला टेकवलेलं एक रिकामं खोकं ओढलं, त्यावर बसले, आणि आतलं बोलणं संपायची वाट बघू लागले.